गेट मीटिंगपासून दिल्लीपर्यंत

कामगारांचा पुढारी खासदार झाला, की त्याला जाब कोण विचारतो? मुंबईत कारकुनी करताना मी बरीच वर्षं युनियनची वर्गणी गोळा केली. त्यामुळे पुढाऱ्यांकडे मी वर्गणीदाराच्या नजरेनंच पाहतो. आज जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे मला तसंच पाहायचं आहे.

मंगळूरचे जॉर्ज पाद्री होण्याचं शिक्षण अर्धवट सोडून १९४९ मध्ये मुंबईत आले. सुरुवातीच्या रात्री त्यांनी चौपाटीच्या बाकावर काढल्या. मग गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या हाताखाली ते तयार झाले. टॅक्सीवाले, हॉटेलातले नोकर, पालिकेचे कामगार यांना त्यांनी एकत्र आणलं. लोक त्यांना ‘बंदसम्राट’ म्हणू लागले.

१९६७ मध्ये दक्षिण मुंबईत त्यांनी काँग्रेसचे बलाढ्य नेते स. का. पाटील यांना हरवलं. पैसा, पक्ष, सत्ता सारं पाटलांकडे होतं. जॉर्जकडे गल्लीबोळ पायाखाली घालणारे कार्यकर्ते होते. संपाची तयारी करणारी माणसं निवडणूकही लढवू शकतात, हे तेव्हा देशाला दिसलं.

पण संप आणि निवडणूक यांत एक फरक आहे. संपाच्या मागण्या ठरलेल्या असतात; मतदाराच्या मनात मात्र दहा गोष्टी असतात. १९७१ च्या इंदिरा लाटेत जॉर्ज पडले आणि त्यानंतर मुंबईतून ते कधीच लोकसभेत गेले नाहीत. इथेच दत्ता सामंत आठवतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर, १९८४ च्या काँग्रेस लाटेतही ते मुंबईतून निवडून आले. संप मात्र फसलेला होता. खासदार मिळाला, गिरणी गेली.

मे १९७४ चा रेल्वे संपही सरकारनं कठोरपणे मोडून काढला. बोनसची मागणी मान्य व्हायला १९७९ साल उजाडलं. आणीबाणीत जॉर्ज तुरुंगात गेले. १९७७ मध्ये बेड्या घातलेल्या हाताच्या त्यांच्या छायाचित्रावरच प्रचार झाला आणि बिहारमधल्या मुझफ्फरपूरनं त्यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्यानं निवडून दिलं. ते तुरुंगातून थेट मंत्रिमंडळात गेले.

आता माझा मुद्दा सांगतो. जुलै १९७९ मध्ये जॉर्जनी लोकसभेत मोरारजी सरकारचा जोरदार बचाव केला आणि काही दिवसांतच ते सरकार सोडून गेले. युनियनमध्ये हे चालत नाही. आज करार चांगला म्हणायचं आणि उद्या तोच मोडायचा, तर परवाच्या गेट मीटिंगला उभं राहता येत नाही. समोर तीच माणसं असतात आणि ती नावानिशी विचारतात. दिल्लीत अशी गेट मीटिंग नसते. १९८० मध्ये मुझफ्फरपूरनं त्यांना पुन्हा निवडून दिलं.

म्हणून सारं वाया गेलं, असं मी म्हणणार नाही. १९८९-९० मध्ये ते रेल्वेमंत्री होते. कोकण रेल्वेची मागणी जुनी होती आणि पैसा नव्हता. मग वेगळं महामंडळ काढायचं, संबंधित राज्यांनी भांडवलाचा वाटा उचलायचा आणि उरलेला पैसा रोख्यांतून उभा करायचा, असा मार्ग निघाला. अर्थमंत्री मधु दंडवते पाठीशी होते, काम ई. श्रीधरन यांच्याकडे दिलं. १९९८ मध्ये गाडी पूर्ण मार्गावर धावू लागली. वाटाघाटीच्या टेबलावर ‘नाही’ ऐकूनही न उठणारा युनियनवाला मला त्यात दिसतो. पुढे संरक्षणमंत्री असताना ते वारंवार सियाचेनला गेले. जिथे माणूस राबतो तिथे जाऊन पाहायचं, ही सवयही युनियनचीच.

२०१९ मध्ये जॉर्ज गेले. कामगार चळवळीतून राजकारणात जाणं वाईट नाही. कायदे तिथेच होतात. पण जाणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी जुन्या गेटवर यावं. भाषण करायला नव्हे, हिशेब द्यायला. आणि आपण वर्गणी देणाऱ्यांनीही नुसता हार घालून परत येऊ नये. हिशेब मागावा.