आपल्या खाडीला बोट क्लब का नाही?
(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘बोट क्लबचा इतिहास’ हा विषय दिला, त्याला कारण मीच आहे. आपल्या ग्रुपवर मी एकदा लिहिलं, की लहानपण सगळं डोंबिवलीत गेलं, पण हातात वल्हं पहिल्यांदा घेतलं ते पुण्यात, वयाच्या अठराव्या वर्षी. त्यावर दोन दिवस वाद चालला. कुणीतरी आठवण करून दिली की सहावीच्या सहलीत आपण ठाण्याला तलावपाळीवर होडीत बसलो होतो. बसलो होतो, खरं आहे. पण वल्ही होडीवाल्याच्या हातात होती आणि आपल्या हातात शेंगदाण्याच्या पुड्या. शिवाय बाई समोर बसल्या होत्या, त्यामुळे पाण्याला बोटसुद्धा लावता आलं नाही. बाई, हे आज सांगतोय, राग मानू नका.

तर आधी पुण्याचं सांगतो, मग आपल्या खाडीकडे येतो.

मी शिकलो त्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे सीओईपीचा, बोट क्लब 1928 सालचा आहे. मुळा-मुठेच्या संगमाजवळ. कॉलेज त्याहून बरंच जुनं, 1854 चं. दरवर्षी तिथे ‘रेगाटा’ होतो. संध्याकाळी अख्खं पुणं काठावर बसतं आणि पोरं पाण्यात कयाक, पंट, लांबलचक शेल बोटी घेऊन कवायती करतात. अंधार पडल्यावर मशाली पेटतात. काठावरून बघताना सगळं जादूचं वाटतं. त्यामागे पहाटे उठून, बोटी खांद्यावर वाहून नेऊन, पायऱ्यांवरचा चिखल खरवडून काढलेले महिने असतात. मी दोन वर्षं तेच केलं. रेगाटात माझा वाटा फार मोठा नव्हता, मी मधल्या रांगेत होतो आणि माझं वल्हं बहुधा अर्धा सेकंद उशिरा पडायचं.

इथे एक खुलासा, कारण मघाशी चहाला तिघांनी विचारलं. रोइंगमध्ये आपण पाठमोरे बसतो, वल्ही बोटीला अडकवलेली असतात. कयाकमध्ये तोंड पुढे, हातात दोन्हीकडे पातं असलेलं एकच वल्हं. कॅनोमध्ये वल्ह्याला एकाच बाजूला पातं आणि माणूस बहुधा गुडघ्यावर. म्हणजे आपल्याकडचा होडीवाला बसून किंवा उभ्याने जे करतो, त्याच्या सगळ्यात जवळचं कॅनोच. या कॅनोचा जगातला पहिला क्लब लंडनला 1866 साली निघाला, जॉन मॅकग्रेगर नावाच्या एका स्कॉटिश वकिलाने काढला. पुण्यात साहेबांनी बोट क्लब काढला तो 1868 मध्ये. तोच पुढे ड्यूक ऑफ कॉनॉटच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि पुण्याच्या ‘बोट क्लब रोड’ला नाव मिळालं ते त्याच्यावरून. म्हणजे पुणं यात लंडनच्या फार मागे नव्हतं.

पण पुण्यातच का? पुण्याची नदी काही मोठी नाही. उन्हाळ्यात तिला नदी म्हणायचं तेही अदबीने. याचं उत्तर मला तिथे दुसऱ्या वर्षी कळलं. बंडगार्डनला जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून 1850 मध्ये बंधारा बांधला गेला. तो बांधला शहराला पाणी मिळावं म्हणून. पण त्याच्या मागे पाणी तुंबलं, संगमापर्यंत बाराही महिने स्थिर आणि खोल राहिलं, आणि त्या तुंबलेल्या पाण्यावर आधी साहेब आणि मग कॉलेजची पोरं वल्ही मारायला लागली. बंधारा नसता तर दोन्ही क्लब नसते.

आता आपल्याकडे या. आपल्याला बंधाऱ्याची गरजच नव्हती. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास, तिला कल्याणजवळ मिळणारी काळू आणि भातसा, आणि खालून दिवसातून दोनदा चढणारी भरती. इतकं पाणी पुण्याला स्वप्नात मिळणार नाही. आणि आपण त्याकडे पाठ फिरवून बसलो.

पूर्वी तसं नव्हतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, कल्याणचं नाव ‘कल्लिएना’ असं येतं, बंदर म्हणून. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या माणसांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दोनेक वर्षांत या खाडीत लढाऊ गलबतं बांधायला सुरुवात झाली. शाळेत आपण ‘आरमाराचा पाया’ असं एका ओळीत पाठ केलं, पाच मार्कांसाठी. पण त्यातली मजेची गोष्ट पुस्तकात नव्हती. या कामावर रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसं होती. आपल्याच माणसांच्या हातून शिवाजीचं आरमार तयार होतंय हे वसईच्या पोर्तुगीजांना कळलं, त्यांनी त्या कारागिरांना फितवलं आणि ते काम टाकून पळाले. तरी गलबतं झालीच. याचा अर्थ तोवर इथल्या सुतारांनी पुरेसं शिकून घेतलं होतं, असं मला वाटतं. इतिहासाच्या सरांनी चूक असेल तर दुरुस्त करावं.

मग 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली आणि 1854 च्या मे महिन्यात कल्याणला. त्यानंतर आपलं गाव स्टेशनाभोवती वाढलं. खाडी मागच्या बाजूला गेली. घराच्या मागच्या बाजूला आपण काय टाकतो ते तुम्हाला माहीत आहे.

आपल्या लहानपणी रेतीबंदरावर अजून होड्या होत्या. पलीकडच्या भिवंडी तालुक्यातल्या गावांतून भाजी, दूध घेऊन माणसं येत. रेतीवाले डुबी मारून बादलीने रेती काढत, एकेक बादली वर येताना बघायला आपण दप्तरं घेऊन उभे राहत असू. आणि घरी कळलं की मार. त्या होडीवाल्यांपैकी एका म्हाताऱ्या तांडेलाने मला भरतीचं गणित शिकवलं होतं, ते मी गणिताच्या सरांनाही कधी सांगितलं नाही. तो म्हणायचा, मुंबईला पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या सुमारास. पुढच्या प्रत्येक तिथीला पाऊण तास धरायचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आणि मुंबईचं पाणी आपल्याकडे चढायला वर आणखी वेळ लागतो, तो मिळवायचा. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं, कालनिर्णय होतं. पुढे पुण्यात मी हे मित्रांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना, कारण त्यांचं पाणी हलतच नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, यावर मी बराच विचार केला. आपल्या वर्गातला एक मुलगा आठवीत असताना खाडीत गेला. त्याची बहीण आज इथे आली आहे आणि तिला विचारूनच मी बोलतो आहे. त्या दिवशी आपण चौघं त्याच्याबरोबर होतो. पाणी गुडघ्याएवढं होतं म्हणून तो उतरला. ते उधाणाचं पाणी होतं आणि ओहोटी नुकतीच लागली होती, हे आज मला कळतं. तेव्हा आपल्यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं. काठावर दोर नव्हता, फळी नव्हती, मोठं माणूस नव्हतं. त्यानंतर सगळ्या घरांत एकच नियम झाला, खाडीकडे फिरकायचं नाही. आपल्या आईवडिलांना मी दोष देत नाही, मी बाप झाल्यावर तेच केलं असतं. पण त्या नियमाने आपल्याला पाणी समजलं नाही, फक्त पाण्याची भीती बसली. आणि 26 जुलै 2005 ला उल्हास जेव्हा बदलापूर-कल्याणच्या घरांत शिरली, तेव्हा आपल्या पिढीतले कितीतरी जण पहिल्या मजल्यावर उभे राहून खाली नुसते बघत होते. मीही होतो.

म्हणून मला बोट क्लब हा श्रीमंतांचा छंद वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघा. दुष्काळी गाव, लहानपणी वडिलांबरोबर विहिरींच्या कामावर मजुरी, सैन्यात गेल्यावर पुण्यात पहिल्यांदा शर्यतीची बोट पाहिली. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकटाच भारतीय रोअर होता आणि तेरावा आला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण. ज्या गावात पाणीच नाही तिथला मुलगा तिथवर गेला. 2023 मध्ये हांगझोला कॅनोमध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांनी ब्राँझ मिळवलं. या खेळात भारताला आशियाई पदक त्याआधी मिळालं होतं ते 1994 मध्ये. म्हणजे मैदान अजून मोकळं आहे. आपली मुलं क्रिकेटच्या रांगेत किती वर्षं उभी राहणार?

आता अडचणी. खाडीचं आजचं पाणी मी कुणाच्या मुलाच्या नाकातोंडात जाऊ देणार नाही. कारखान्यांचं आणि गटारांचं काय काय त्यात येतं ते आपण वासावरून ओळखतो. पुण्यातही नदी स्वच्छ नाही, जलपर्णी आहे, वास आहे. पण तिथे एक फरक मी पाहिला. त्या पाण्यात रोज पहाटे कॉलेजची पोरं उतरतात, म्हणून पाणी काळं पडलं की त्याच दिवशी कुणीतरी ओरडतं. आपली खाडी काळी पडली तर कुणाला कळणार? लोकलच्या खिडकीतून मुंब्र्याच्या आसपास दोन मिनिटं दिसते, तेवढीच आपली तिच्याशी ओळख.

दुसरी अडचण भरतीची. रविवारी सकाळी सात वाजता असा क्लब खाडीत चालणार नाही. या रविवारी सातला पाणी भरलेलं असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळी चिखल. वेळापत्रक तिथीवर करावं लागेल, म्हणजे तो तांडेल हवा होता.

तिसरी गोष्ट पुण्याकडून शिकण्यासारखी. तिथला क्लब विद्यार्थी चालवतात. सेक्रेटरी विद्यार्थी, वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला शिकवायचं, बोट फुटली तर स्वतः ठोकून नीट करायची. दरवर्षी जुनी पोरं जातात, नवी येतात, आणि 1928 पासून चाललं आहे. एखाद्या उत्साही माणसाने काढलेले क्लब त्या माणसाबरोबर संपतात. मी साठीला आलोय, तेव्हा कृपा करून हा क्लब माझ्यावर टाकू नका.

माझी सूचना लहान आहे. होड्या नंतर. पहिल्या वर्षी शाळेतल्या सातवी-आठवीच्या वीस मुलामुलींना तलावात, पट्टीच्या माणसाकडून पोहायला शिकवायचं, आणि खर्च आपल्या बॅचने करायचा. दुसऱ्या वर्षी त्यातल्या ज्यांना हवं त्यांना दोन सेकंडहँड कॅनो आणि अंगावर जॅकेट, तेही खाडीत नाही, स्थिर पाण्यात. ठाण्याला तलावांची कमतरता नाही. खाडीचा विचार तिसऱ्या वर्षी, पाण्याची तपासणी करून घेतल्यावर. मुख्याध्यापक बाईंशी माझं बोलणं झालं आहे. पालकांची लेखी संमती हवी, एवढीच त्यांची अट आहे, आणि ती रास्त आहे.

त्याच्या बहिणीने पहिल्या पाच मुलांची फी देऊ केली आहे. हे तिने मला कालच सांगितलं.

नावं लिहायचा कागद चहाच्या टेबलावर ठेवला आहे. पैसे नसतील देता येत तर महिन्यातून एक सकाळ द्या, काठावर कुणीतरी मोठं माणूस उभं असायला हवं. पेन दोऱ्याने बांधून ठेवलं आहे, मागच्या मेळाव्यात कुणीतरी नेलं होतं.