शंभर लिटरांची सवलत

जोयडा, रामनगर, लोंढा, खानापूर, दांडेली, कारवार या भागांतून आलेल्या गॅरेजवाले, फिटर, चालक व पंपचालक मित्रहो,

उळवीला वाहनांचे नवल नाही. कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, उलथापालथीनंतर बाराव्या शतकात संत चन्नबसवण्णा या रानात आले, इथेच त्यांची समाधी झाली, आणि तेव्हापासून धारवाड-बेळगावकडचे भाविक बैल जुंपून घाट ओलांडत इथे येत राहिले. चाकाची, आसाची, वंगणाची काळजी घेणारी माणसे या वाटेवर मोटारीच्या कितीतरी आधीपासून आहेत. तेव्हा आपले संमेलन इथे भरले यात वावगे काही नाही. रस्त्याने येताना गाड्यांचे जे हाल झाले त्याबद्दल संयोजकांना दोष देऊ नका. त्यातून निदान आपल्याच धंद्याला काम मिळेल.

अध्यक्षाने जीएसटी, सुट्या भागांचे वाढते दर आणि शिकायला न टिकणारी पोरे यांवर बोलावे अशी रीत आहे. त्या विषयांवर दुपारच्या सत्रात बोलायला माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. मी आग हा एकच विषय घेतो, आणि तोही जुन्या बाजूने. मोटार नवी होती तेव्हा पेट्रोल कुठे आणि कसे ठेवायचे याचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांनी काय पाहिले होते? माझे म्हणणे थोडक्यात असे की त्यांनी वाफ पाहिली होती, आणि आपण अजून द्रवाकडेच बघतो आहोत.

हिंदुस्थानात मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. त्याच सुमारास, १८९८ साली, स्फोटक पदार्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते सुरू झाले. आज त्याचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे, आणि पंपाचा परवाना काढताना तुम्हा सगळ्यांची त्याच्याशी गाठ पडते. १८९९ साली पेट्रोलियमचा कायदा झाला. पण तो करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते दिव्याचे तेल. घरोघरी रॉकेलचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे येत होते, रिकामे झाल्यावर त्यांत धान्य भरले जात होते, त्यांत तुळस लावली जात होती. रॉकेलचा डबा माजघरात ठेवला तरी आपोआप काही बिघडत नसे, कारण साधारण अडतीस अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याची वाफ पेट घेण्याइतकी दाट होत नाही. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही तेवढी दाट असते. डबा तसाच, रंगरूप जवळपास तसेच, आणि स्वभाव पूर्ण वेगळा. पहिल्या पिढीच्या बऱ्याचशा आगी या एका गैरसमजातून लागल्या असणार, असे मला वाटते.

त्यातून गाडी ठेवायची कुठे, तर तबेल्यात. संस्थानिकांनी मोटारखाने बांधले, पण सामान्य सावकाराने किंवा वकिलाने घोडा विकून त्याच जागी मोटार उभी केली. माळ्यावर गवत, खुंटीला कंदील, गाडीच्या पुढच्या दिव्यांत कार्बाइड. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलिन वायू सुटतो, त्यावरच ते दिवे जळत. म्हणजे आग विझवायला बादलीभर पाणी मारले आणि ते कोपऱ्यातल्या कार्बाइडच्या डब्यावर पडले, तर आगीला नवा खुराक. खालून पेट्रोल, वरून गवत, कडेला कार्बाइड: आगीसाठी मुद्दाम मांडणी करायची म्हटले तरी याहून चांगली जमणार नाही.

इंग्लंडने मोटारीला रस्ता मोकळा केला १८९६ मध्ये, आणि तिच्या इंधनासाठी वेगळे नियम त्याच वर्षी केले. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते दोनदा-तीनदा घासूनपुसून घेतले गेले. मला ते नियम वाचायला आवडतात, कारण प्रत्येक वाक्यामागे कुठेतरी जळालेले गॅरेज दिसते. एका कोठारात साठ गॅलनपेक्षा जास्त पेट्रोल नको. भांडे धातूचे हवे, सहज फुटणार-गळणार नाही असे. कोठाराला बाहेरून स्वतंत्र दार हवे, घरातून जाणारे नको. आणि कोठार दुसऱ्या इमारतीला लागून असेल व मधली भिंत कच्ची असेल किंवा तिला भोक असेल, तर ती अख्खी इमारतच कोठार समजली जाईल. मग तिथे कोणी राहायचे नाही. भिंतीतल्या भोकाचा विचार करणारा माणूस द्रवाचा विचार करत नव्हता. पेट्रोल भोकातून चढून जात नाही. वाफ जाते.

ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. ती वर जाऊन छपरातून निघून जात नाही, पाण्यासारखी उताराने वाहते, आणि आपल्या गॅरेजमधली सर्वांत खोल जागा कोणती, तर गाडीखाली उभे राहण्याचा खड्डा. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या थोडे खाली असले तरी ती पेटते, साडेसात टक्क्यांच्या वर गेली की पेटत नाही. आता हिशेब करा. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडाले तर सुमारे पंधरा घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. आठ फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट उंच खोली. पाण्याची एक बाटली पुरते. कार्बोरेटर धुवायला आपण कढईत किती पेट्रोल ओततो ते प्रत्येकाने मनात आठवावे, इथे सांगू नये.

आपला हा कारवार जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्यात राहिला. पण पेट्रोलचा कायदा सगळ्या देशाचा एकच. तो १९३४ साली नव्याने झाला, त्याखालचे नियम १९३७ मध्ये आले. नियम पुढे १९७६ आणि २००२ मध्ये बदलले, कायदा मात्र दुरुस्त्या होत आजही तोच चालू आहे. त्याची तीन कलमे मी प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावली असती. आठवे कलम म्हणते की विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला परवाना नको. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवे. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे एक लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे पंचवीस लिटरपेक्षा मोठे नको. नववे कलम आपले, मोटारमालकांचे. गाडीच्या टाकीतले पेट्रोल सोडून आणखी शंभर लिटर ठेवायची सवलत. गाड्या दोन असोत वा दहा, शंभर म्हणजे शंभरच. आणि तीस लिटरच्या वर गेले की ते वेगळ्या जागी हवे, जिचा माणसे राहतात, काम करतात किंवा जमतात अशा कुठल्याही खोलीशी दाराने-झरोक्याने संबंध नाही. पुन्हा तेच भिंतीतले भोक. तिसरे, म्हणजे सहावे कलम, भांड्यावर धोक्याची सूचना लिहायला सांगते.

एवढी सवलत कशासाठी दिली? कारण १९३४ साली एका पंपापासून दुसरा पंप लांब होता. ज्याला कारवारहून घाट चढून यायचे, त्याला डबे बरोबर ठेवावेच लागत. कायद्याने ही गरज मान्य केली आणि गरजेला मापात बसवले. मला हा कायदा शहाणा वाटतो तो यासाठी. माणसाला शक्य नाही ते त्याने मागितले नाही.

मधे दुसरे महायुद्ध आले. पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि बसगाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. पहाटे उठून क्लीनर पंखा फिरवून निखारे फुलवायचा, वायू नीट येऊ लागला की गाडी निघायची. पुष्कळदा इंजिन आधी थोड्या पेट्रोलवर सुरू करून मग वायूवर घेत. म्हणजे टाकीत पेट्रोल आणि तिच्यापासून काही हातांवर पेटती शेगडी, दोन्ही एकाच गाडीवर. शिवाय त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड, बंद शेडमध्ये बसलेल्या माणसाला झोपेतच नेणारा. पूर्वीचे लोक फार सावध होते असे कोणी म्हणाले की मला या गाड्या आठवतात. सावध नव्हते, नाइलाज होता, आणि पुष्कळांचे नशीब चांगले होते.

विझवण्याच्या साधनांचा इतिहासही असाच. पेट्रोल पाण्यावर तरंगते, म्हणून पाणी मारले तर आग विझण्याऐवजी पसरते. बाकूच्या तेलविहिरींच्या आगी पाहिलेल्या लोरान नावाच्या रशियन शिक्षकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेस शोधला. तेलावर पसरून हवा तोडणारा. मोटारीत मात्र लोकप्रिय झाला पायरीन कंपनीचा पितळी हातपंप, त्यात कार्बन टेट्राक्लोराइड. आग विझायची, पण तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघायचा, आणि खड्ड्यात उतरून तो मारणाऱ्याची आगीतून सुटून विषाशी गाठ पडायची. जुन्या वस्तूंच्या बाजारातून तो पितळी पंप कोणी हौसेने आणून भिंतीला लावला असेल, तर आधी तो रिकामा आहे याची खात्री करून घ्या. आज कोरड्या पावडरीचे सिलिंडर मिळतात, आणि कोरडी वाळू तर कोणालाही परवडते. वाळूच्या लाल बादल्यांत विड्यांची थोटके आणि पानाच्या पिचकाऱ्या नकोत, एवढे सांगून पुढे जातो.

कारण मला थांबायचे आहे टाकीपाशी. जुन्या इंग्रजी नियमांत एक ओळ आहे: पेट्रोलचे भांडे दुरुस्त करण्याआधी त्यातले पेट्रोल आणि त्यातली वाफ, दोन्ही शक्य तितके काढून टाका. शंभराहून अधिक वर्षे झाली. आपल्याकडे आजही गळकी टाकी काढली जाते, उलटी करून ठिबकू दिली जाते, तासभर उन्हात ठेवली जाते आणि मग वेल्डिंगची कांडी टेकवली जाते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवाच नसते, त्यामुळे आत स्फोटाला जागा नसते. रिकाम्या टाकीच्या सांध्यांत, गंजाच्या खपल्यांखाली चमचाभर पेट्रोल राहते आणि आतल्या हवेला नेमके पेटण्याजोगे करून ठेवते. वेल्डरचा चेहरा तिच्यापासून दीड फुटावर असतो. साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुणे, वाफ सोडणे, आणि जोडकाम करताना जोडाच्या जागेपर्यंत टाकी पाण्याने भरून ठेवणे, हवेला बाहेर जायला वाट मोकळी ठेवून: याला अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक घाई करते. त्याला जाऊ द्या दुसरीकडे. आणि तो दुसराही आज इथेच बसला आहे, म्हणून हे दोघांना एकदम सांगतो.

वाफ किती लांब जाते, याला जयपूरचा दाखला पुरे. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी तिथल्या सीतापुऱ्याच्या तेल डेपोत झडप उघडी राहून पेट्रोल बाहेर पडू लागले. सव्वा तासात सुमारे हजार टन. वारा नव्हता, वाफ जमिनीलगत आवारभर पसरली आणि मग पेटली. अकरा माणसे गेली, आग विझायला अकरा दिवस लागले. तिथे परवाने होते, नकाशे होते, फेसाची यंत्रणा होती. आपल्याकडे एक वेल्डिंग मशीन आणि एक पोऱ्या असतो.

आता इथला प्रश्न. जोयडा तालुक्यातल्या वाड्या रानात विखुरलेल्या, अंतरे मोठी. पंप दूर असला की किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल विकले जाते, हे आपण सगळे जाणतो. कायद्याच्या दृष्टीने परवान्याशिवाय विकायला ठेवलेली एक बाटलीही चालत नाही, आणि सवलतीच्या कलमात प्लॅस्टिकचे नावच नाही. ओतताना प्लॅस्टिकवर साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरत नाही, हेही त्याच्या विरोधात जाते. पण नुसती बंदी घालून काय होणार? रात्री बाळंतिणीला न्यायचे आहे आणि मोटरसायकल कोरडी आहे, तर माणूस बाटलीच शोधणार. माझे मत असे की बाटलीविक्री थांबवायची तर पंपचालकांनी आणि तेल कंपन्यांनी आडवाटेच्या गावांसाठी लहान परवानाधारक विक्रीकेंद्रांची मागणी लावून धरावी, आणि तोवर प्रत्येक वाहनमालकाने स्वतःच्या वापरापुरता घट्ट बुचाचा धातूचा डबा घराबाहेर, चुलीपासून आणि देवघराच्या दिव्यापासून दूर ठेवावा. डबा भरताना जमिनीवर ठेवावा, डिकीत किंवा सीटवर नव्हे. गोव्याने २०१२ मध्ये पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढून टाकला, तेव्हा सीमेवरच्या आपल्या लोकांना स्वस्ताईची साठवण किती मोह पाडते ते दिसले होते. त्या मोहाला कायद्याचे माप आहे, ते विसरू नये.

आणि उळवीची जत्रा. माघातली, म्हणजे रान सगळ्यांत कोरडे होऊ लागते तेव्हाची. वनखाते त्या दिवसांत जाळरेषा काढते. बैलगाड्यांबरोबर आता ट्रॅक्टर येतात, टेम्पो येतात, प्रत्येक राहुटीमागे जनरेटर. बैलांसाठी आणलेला कडबा, तीन दगडांची चूल आणि जनरेटरचा कॅन एकाच ताडपत्रीखाली. तो जुना तबेला दरवर्षी इथे पुन्हा उभा राहतो. चालू, तापलेल्या जनरेटरमध्ये कोणी पेट्रोल ओतू नये, आणि इंधनाचे डबे राहुट्यांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एका राखणदाराच्या ताब्यात असावेत. येत्या जत्रेत हे काम आपल्या लोकांनी पाळीपाळीने घ्यावे, अशी माझी सूचना आहे. देवस्थानाशी आणि पंचायतीशी संयोजक बोलतील. पाट्या कन्नड, मराठी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत हव्यात, कारण जत्रेला येणारा ट्रॅक्टरवाला कुठल्या बाजूचा असेल ते सांगता येत नाही.

ठरावाचा मसुदा मी सचिवांकडे दिला आहे. त्यातले पहिलेच कलम टाकीच्या वेल्डिंगचे आहे, आणि न धुतलेली टाकी जोडायला संमेलनातल्या एकाही सभासदाने घेऊ नये असे ते म्हणते. धंदा बुडेल म्हणून काहींचा त्याला विरोध आहे असे कानावर आले. जेवणानंतर पहिला अर्धा तास त्या विरोधासाठीच ठेवला आहे. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी नावे आत्ताच द्यावीत.