नांगरलेली होडी आणि पाखरांची घाण
(ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वार्षिक संमेलनात शिक्षणप्रसार, लग्नकार्यातील उधळपट्टी, सहकार अशा थोर विषयांवर बोलावे, असा आपल्या कोळी समाजाचा परिपाठ आहे. आम्ही मात्र आज एका क्षुल्लक, किंबहुना किळसवाण्या विषयासाठी आपला वेळ घेणार आहोत. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. खाडीत नांगरून ठेवलेल्या होडीवर पाखरे जी घाण करतात, ती कशी टाळावी, हा तो विषय होय. ऐकावयास तो हलका वाटेल. परंतु आपली रोजी, आपले आरोग्य आणि आपला शेजारधर्म ही तिन्ही त्यात गुंतलेली आहेत, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

प्रथम हानीचा विचार करू. पक्ष्यांस आपल्यासारखे वेगळे मूत्र नसते. शरीरातील टाकाऊ नत्र ते युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेबरोबरच टाकतात. विष्ठेतील पांढरा भाग तो हाच. उन्हात तो चुन्यासारखा घट्ट बसतो आणि त्याखालील रंग व रोगण खराब करतो. रंग उखडला की लाकडात पाणी मुरू लागते. ओली विष्ठा निसरडी असते. पहाटेच्या अंधारात नाळेवर चढणाऱ्या खलाशाचा पाय त्यावरूनच सरकतो. परंतु खरा धोका मासळीला आहे. कुरवांसारख्या पक्ष्यांच्या विष्ठेत रोगजंतू असू शकतात. बर्फाच्या खणाचे झाकण, पिण्याच्या पाण्याचे पिंप, मासळी निवडण्याची फळी यांवर ती पडली, तर सारे कष्ट वाया जातात. १९९७ साली युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतातील मत्स्योत्पादनांच्या आयातीवर काही काळ बंदी घातली होती. तो दोष पाखरांचा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु दर्यातून आणलेल्या सोन्याचे मोल अस्वच्छतेमुळे कसे मातीमोल होते, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता आमच्याच घरची एक चूक आपल्यापुढे कबूल करतो. आमच्या होडीवर कावळे, घारी आणि बगळे यांचा इतका उपद्रव होऊ लागला की, घरच्या स्त्रिया होडी धुता धुता रडकुंडीस आल्या. आम्ही रागाच्या भरात एक जुने, फाटके नायलॉनचे जाळे डोलकाठीपासून नाळेपर्यंत सैलसर पसरून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो एक तांबूस पंखांची ब्राह्मणी घार त्यात अडकून लोंबत होती. जाळे कापून तिला सोडवीपर्यंत तिने प्राण सोडला होता. तिच्याभोवती गावातील यच्चयावत कावळे जमले, त्यांनी एकच कालवा केला, आणि होडी पूर्वीपेक्षा दुप्पट घाण झाली. आमच्या शहाणपणाचे फळ ते हे!

त्या वेळी धक्क्यावर बसलेले एक वृद्ध तांडेल काका आम्हांस म्हणाले, “पोरांनो, पाखरू बोलावल्याशिवाय येत नाही.” आम्हांस ते बोल लागले. तोवर आम्ही शेजारच्या नाखव्यास दोष देत होतो की, तो आपल्या होडीवरील कुजकी मासळी नांगरापाशीच टाकतो. तो आमच्याविषयी हेच म्हणत होता, आणि दोघांचेही खरे होते. पाखरू होडीवरचे नाव वाचून बसत नाही. दहा होड्यांपैकी एकीने कचरा टाकला, तर दहाही होड्या घाण होतात. अखेरीस आम्ही आजूबाजूच्या नाखव्यांनी एकत्र बसून ठरविले की, मासळीचा कचरा पाटीत भरून किनाऱ्यावर न्यावयाचा आणि तेथे खड्ड्यात पुरावयाचा. पाखरे नाहीशी झाली नाहीत. पण पूर्वी थवा बसे, तेथे दोन-चार बसू लागली. इतर सारे उपाय या एका उपायाच्या मागून येतात, हे आपण विसरू नये.

ते उपाय असे. मुक्कामास आल्याबरोबर होडी खाऱ्या पाण्याने धुवावी. जाळ्यात अडकलेली बारीक मासळी झटकून काढावी. जुनी मंडळी पावसाळ्यापूर्वी झापांनी होड्या शाकारीत असत. तोच विचार ठेवून नांगरलेल्या होडीवर ताडपत्री उतरती आणि ताणून बांधावी, म्हणजे पाखराचा पाय ठरत नाही. सैल ताडपत्रीत पाणी साचते व पाखरांची आंघोळीची सोय होते. काठावर सहा-सात बोटे उंचीवर एक जाड, डोळ्यांस दिसेल अशी दोरी ताठ ताणावी. कुरव आणि बगळे यांस मग नीट उतरता येत नाही. बारीक तंगूस अथवा सैल जाळे मात्र कदापि लावू नये. चकाकणाऱ्या पट्ट्या किंवा बुजगावणे यांचा धाक काही दिवसच टिकतो. त्यांची जागा वरचेवर बदलली तरच उपयोग. कावळ्यास तर तेवढेही दिवस लागत नाहीत!

विष्ठा पडलीच, तर ती वाळण्यापूर्वी काढावी. वाळली असल्यास कोरडी खरवडू नये. तिची धूळ श्वासावाटे छातीत जाते. आधी भरपूर पाणी टाकून भिजू द्यावी, नाकातोंडास फडके बांधावे, मग साबण व कुंच्याने घासावे आणि हात धुवावेत. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या नौकेचे यंत्र सुरू करण्यापूर्वी धुराची नळी तपासावी; तिच्यात घरटे असण्याचा संभव असतो.

कित्येक तरुण विषारी आमिषाची भाषा बोलतात. त्यांस आम्ही हात जोडून सांगतो की, हे पाप तर आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हाही आहे. आणि पाखरांचे आपल्यावर ऋण काय थोडे आहे? भर दर्यात पाखरांचा थवा पाण्यावर तुटून पडताना दिसला की, तांडेल त्या दिशेस सुकाणू फिरवितो. पितृपंधरवड्यात पान वाढून आपण ज्या कावळ्याची तासन् तास वाट पाहतो, त्यालाच उरलेले वर्षभर दगड मारणे शोभत नाही.

बंधु-भगिनींनो, राज्यातील पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ अर्पण करतो आणि होड्या पुन्हा खाडीत नांगरल्या जातात. लडाख-तिबेटकडील सरोवरांवर वीण करणारे तपकिरी डोक्याचे कुरव ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. म्हणजे त्यांच्या आगमनापूर्वी आपल्या हाती थोडे दिवस आहेत. तेवढ्यात प्रत्येक बंदरातील नाखव्यांनी एकत्र बसावे, कचऱ्याची जागा ठरवावी, ती कोणी व केव्हा साफ करावी याची पाळी लावावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे. त्यास मोठा निधी नको, सरकारी मदत नको. आपली पाटी आपण किनाऱ्यावर नेण्याची तयारी हवी. दर्या सर्वांचा, खाडी सर्वांची, तशी तिची स्वच्छताही सर्वांची आहे.