पित्ताशयातील खडे आणि कामकरी माणूस



आम्ही संपावर किंवा बोनसवर बोलू, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही विषय घेतला आहे पित्ताशयातील खड्यांचा. आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रापाशी आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. पण या रोगाने आम्हांला जो धडा दिला तो फार महाग पडला. तो आपल्याला फुकट मिळावा, एवढाच या भाषणाचा हेतू.

२००९ साली आमच्या कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. आमच्या समितीत एक फिटर होता. हिशेबाला पक्का, बोलण्याला शांत. त्याला दर दोन-तीन आठवड्यांनी, बहुधा रात्रीच्या जेवणानंतर, पोटात वरच्या बाजूस कळ येई. ती उजव्या खांद्यामागे जाई, आणि तासा-दोन तासांनी थांबे. "पित्त उठलंय," म्हणून तो गोळ्या चघळी. पुढे सोनोग्राफीत खडे दिसले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. तो आमचा सल्ला घ्यायला आला. रजा घेतली तर हजेरी भत्ता बुडणार होता, आणि आम्हांला तो बोलण्यांत हवा होता. आम्ही म्हणालो, "करार होईपर्यंत दम धर. पित्तानं कोण मरतंय?"

आमची चूक त्या 'पित्त' या शब्दापासूनच सुरू झाली. आंबट ढेकर आले, छातीत जळजळले की आपण 'पित्त झाले' म्हणतो. ते असते जठरातले आम्ल. खरा पित्तरस यकृतात तयार होतो, आणि यकृताखालच्या एका लहान पिशवीत साठतो. ती पिशवी म्हणजे पित्ताशय. त्यात फार तर तीस ते पन्नास मिलिलिटर रस मावतो. तेलकट-तुपकट पोटात गेले की पिशवी आकसते, आणि स्निग्ध पदार्थ पचविण्यासाठी रस आतड्यात सोडते. रसात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झाले, किंवा पिशवी नीट रिकामी होईना, तर कण जमतात आणि कणांचे खडे होतात. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की कळ येते. सरकला की थांबते. श्रेय मात्र चघळलेल्या गोळीला मिळते!

दुसरा घोटाळा मुतखड्याशी. कुळथाचे कढण आणि तांब्याभर पाणी पिऊन पित्ताशयातला खडा लघवीवाटे पडत नाही; तो मार्गच निराळा आहे. तेल व लिंबाचा रस पिऊन शौचावाटे जे हिरवट 'खडे' पडतात, ते त्याच तेलाचे साबणासारखे गोळे असतात.

हा रोग कोणाला अधिक होतो? पुरुषांपेक्षा स्त्रियांना, त्यातही बाळंतपणे झालेल्यांना, चाळिशी ओलांडलेल्यांना, स्थूल व मधुमेही माणसांना, आई-बापांना खडे असलेल्यांना. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांनाही होतो. विदर्भातील व नंदुरबारकडील ज्या घरांत सिकलसेलचा आजार आहे, तेथे कोवळ्या वयातही खडे आढळतात; कारण तांबड्या पेशी फुटून त्यांचे रंगद्रव्य पित्तात उतरते.

आता उपचार. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने प्रथमच पित्ताशय काढून टाकले. नुसते खडे काढून भागत नाही, खडे घडविणारी पिशवीच गेली पाहिजे, हे त्याने ओळखले. पिशवीवाचून माणसाचे अडत नाही. रस यकृतातून थेट आतड्यात जातो. पूर्वी यासाठी पोट मोठे चिरावे लागे आणि महिना-दीड महिना काम बंद. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात प्रथम दुर्बिणीने, लहान छिद्रांतून, ही शस्त्रक्रिया केली. गोरगरिबांच्या सरकारी रुग्णालयात ती सुरू झाली, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. रोगी बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. हलके काम एक-दोन आठवड्यांत करता येते. जड ओझे मात्र डॉक्टरांना विचारूनच उचलावे. खडे विरघळविणारी गोळी आहे, पण ती निवडक लहान खड्यांनाच चालते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते, आणि खडे पुष्कळदा पुन्हा होतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बहुसंख्य खडे जन्मभर मुके राहतात. दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत खडा दिसला, पण त्रास काहीच नाही, तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. कोणी घाबरवून लगेच टेबलावर घेऊ लागला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

परंतु एकदा खडा बोलू लागला की चालढकल नको. कळ चार-पाच तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

आमच्या सोबत्याला रात्रपाळीत कळ आली. पहाटेपर्यंत त्याने यंत्र सोडले नाही. खडा नलिकेत उतरून स्वादुपिंडाला सूज आली होती. अकराव्या दिवशी तो गेला. महिन्याभराने करार झाला. पगारवाढ त्यानेच मांडलेल्या हिशेबाप्रमाणे मिळाली.

पुढच्या करारात आम्ही एक कलम घालून घेतले : रुग्णालयात असलेल्या कामगाराचा हजेरी भत्ता कापू नये. राज्य विमा योजनेत असलेल्याला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळते, हे आता आम्ही प्रत्येक खात्यात जाऊन सांगतो. त्या दिवशी हे आम्हांला ठाऊक होते. सांगितले मात्र नाही.

तेव्हा मंडळी, शेजारचा माणूस "पित्त उठलंय" म्हणून पोट धरून बसला, तर त्याला गोळी देऊ नका. कुठे दुखते, कितव्यांदा दुखते, हे विचारा; आणि दवाखान्यापर्यंत त्याच्याबरोबर जा. करार दोन दिवस थांबतो.