व्यसन एकाचे, उपचार घराचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादा गोड विषय घ्यावा, असे काहीजणींचे म्हणणे पडले. परंतु दिवेलागणीला दाराची कडी वाजली की आपल्यापैकी कितीजणींच्या पोटात गोळा येतो, हे येथे कोणाला ठाऊक नाही? तेव्हा आज दारूविषयीच बोलते.

आपल्याकडे ठरलेले उपाय तीन. अंबाबाईपुढे शपथ घालणे, मुलाचे लग्न लावून देणे आणि जाहिरात वाचून 'नकळत' द्यायचे औषध आणणे. शपथेला मी नावे ठेवीत नाही. मनापासून घेतली तर चार दिवस आधार देते. लग्नाबद्दल एवढेच म्हणते की, जे आईबापांना साधले नाही ते परक्याच्या पोरीवर लादणे हा उपचार नव्हे. तिसरा उपाय मात्र घातक. अशी एक पुडी मी एका घरच्या फडताळात पाहिली. आत काय आहे, याचे नावदेखील तिच्यावर नव्हते. डायसल्फिराम नावाचे औषध आहे. ते घेणाऱ्याने दारू प्यायली की मळमळ, धडधड सुरू होते. डॉक्टर ते रोग्याला तपासून, सांगून, त्याच्या संमतीने देतात. तेच नकळत आमटीत पडले आणि वर दारू गेली, तर जिवावर बेतू शकते.

तसेच, रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून त्याची दारू एकदम तोडू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, भास होतात. कधी मृत्यूही ओढवतो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. आपल्या सी.पी.आर. रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तेथे गेल्याने कोणी वेडा ठरत नाही.

पण अंगातील दारू उतरली म्हणजे व्यसन गेले, असे नव्हे. हे ओळखून काम उभे केले ते पुण्याच्या मुक्तांगणाने. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी देणगी देऊ केली. डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात 1986 साली केंद्र सुरू झाले. 1997 साली सुनंदाबाई गेल्या. काम थांबले नाही. तेथे औषधांबरोबर योगासने आहेत, कामे आहेत, गटात बसून मोकळे बोलणे आहे. व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे कार्यकर्ते होतात. त्यांना थापा मारून भागत नाही, कारण त्या साऱ्या त्यांनी स्वतः मारलेल्या असतात!

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तेथील 'सहचरीं'चा, म्हणजे रुग्णांच्या पत्नींचा गट. नवरा पितो आणि झोप बायकोची उडते. ती कारखान्यात 'ताप आलाय' म्हणून निरोप धाडते, गुत्त्याची उधारी भागवते, सासरी-माहेरी लपवते. प्रेमापोटीच करते, पण त्यामुळे पिण्याची किंमत त्याच्या अंगाला लागतच नाही. उद्यमनगरात बुडालेल्या खाड्याचा जाब त्याचा त्यालाच देऊ द्यावा. पिऊन आला असता वाद घालू नये. सकाळी शुद्धीवर असताना थोडक्यात, स्पष्ट बोलावे. मात्र मार सोसणे हा उपचाराचा भाग नव्हे. त्यासाठी 2005 चा कायदा आहे, आणि शेजारी आपण आहोत.

उपचारानंतर तो पुन्हा घसरला, तर 'सगळे पाण्यात गेले' म्हणून कपाळ बडवू नका. हा आजार उलटणारा आहे. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण दवाखाना सोडतो का? लगेच परत न्यावे. घरी आल्यावर संध्याकाळचे दोन तास सर्वांत अवघड. पूर्वीच्या मित्रांच्या जागी दुसरे काहीतरी हवे. तालीम, भजन, रंकाळ्यावरचा फेरफटका, जे रुचेल ते. आणि जमल्यास घरातील कोणी सोबत.

थोडे कडू बोलते. येथे पहाटे उठून मिशरी लावणाऱ्या किती आहेत? हसू नका. तीही तंबाखूच. ती सोडताना होणारी चिडचिड अनुभवलीत, की घरातल्या माणसाची तडफड अधिक कळेल.

सरकारी मदतीचा 14446 हा फुकट दूरध्वनी क्रमांक लिहून घ्या. चारचौघींत विचारणे अवघड वाटत असेल तर सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत बसते आहे, एकेकीने यावे.