रम्य स्थळे आणि गावसुधारणा
(खांडबारा येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)

आपल्या जिल्ह्यातील तोरणमाळास प्रवासी सौंदर्यासाठी जातात. तेथील रहिवाशांस मात्र पाणी, रस्ता व निवारा हवा असतो. मग स्थळ राखावे की गाव सुधारावे? हा प्रश्न इतरत्रही उद्भवला. केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली व माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरविले. तेथे बांधकाम सर्वस्वी थांबले नाही. कोठे व किती बांधावे, यास मर्यादा पडली. माथेरानी खाजगी मोटारी दस्तुरीपाशीच थांबतात, तरी प्रवासी येतातच.

मर्यादा म्हणजे मनाई नव्हे. परंतु वरून लादलेली मर्यादा लोकांस जाचच वाटते. म्हणून मुलांकडून गावाचा नकाशा काढवून घ्यावा: झरा कोठे, उतार कोठे, घरास योग्य जागा कोठे. तो ग्रामसभेपुढे ठेवल्यास मर्यादा गावच आखील.