अर्जदार नव्हे, मतदार!

(बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



दसरा झाला की तुमचे तांडे फडाकडे निघतील. उचल घेऊन झाली, मुकादमाचा निरोपही आला. म्हणून तुम्ही गावात आहात तोवरच चार शब्द बोलून घेतो. मी शाळामास्तर. अमक्या पक्षाला मत द्या असे सांगण्याची मला मुभा नाही व हौसही नाही. मत द्या, एवढेच सांगावयास उभा आहे.

तुम्ही संघटना केली हे उत्तम केले. परंतु तोडणीचा दर वाढला की काम संपले, निवडणूक म्हणजे पुढाऱ्यांची जत्रा, असे तुमच्यातलेच पुष्कळजण म्हणतात. हा समज घातक आहे. संपाने टनामागचा दर वाढेल. पण पोरांचे वसतिगृह, गावचे पाणी, रेशन, दवाखाना व मजुरांचे कायदे यांचा निकाल कोठे लागतो? ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत आणि विधानसभेत. तेथे तुमचे कोणी नसेल तर तुमची दाद कोण घेणार?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र केले. आठवड्याची सुटी मिळावी म्हणून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. सुटी मिळाली 1890 च्या जूनमध्ये. सहा वर्षे गेली! कायदे करणाऱ्यांना निवडून देण्याचा किंवा घरी बसविण्याचा अधिकार त्या कामगाराच्या हाती नव्हता. तो नुसता अर्जदार होता. 1950 च्या राज्यघटनेने तुम्हाला मतदार केले. मग मतदार असून अर्जदारासारखे हात जोडून का उभे राहता?

तुम्ही म्हणाल, "मास्तर, आमच्या एका मताने काय होते?" 2024 साली बीड लोकसभेचा निकाल 6,553 मतांनी लागला. याहून कितीतरी अधिक माणसे दरसाल या जिल्ह्यातून कोयता घेऊन बाहेर पडतात. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे हंगामाच्या तोंडावर आले. मत गावात आणि मतदार फडात! असे झाले तर पुढाऱ्याने तुमची पर्वा का करावी?

म्हणून संघटनेने आजच चार गोष्टी ठरवाव्या. पहिली, गाव सोडण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव यादीत पाहावे. नसेल तर नमुना 6 भरावा. पुष्कळ गावी यादीचे काम आम्हा मास्तरांकडेच असते, बेलाशक विचारा. दुसरी, मतदानासाठी गावी सोडण्याची बोली उचल घेतानाच मुकादमाशी लेखी करावी. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी असे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 135 ब सांगते. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवील, मुकादम कारखान्याकडे. तेथेच संघटनेने पाय रोवावे. तिसरी, येण्याजाण्याची गाडी आपल्या वर्गणीतून करावी. उमेदवाराने मतदारांसाठी गाड्या भाड्याने करणे हा गुन्हा आहे, आणि त्याच्या गाडीत बसलेल्या माणसाची मानही जरा वाकलेलीच राहते. चौथी, आपल्यातलाच माणूस पंचायतीला उभा करावा.

आणि माणूस म्हणजे पुरुषच नव्हे! करारात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मतदान केंद्रात मात्र त्यांची दोन मते होतात. तेथे बाईचे मत पुरुषाच्या मताइतकेच भरते. पंचायत व जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. त्या जागी पाटलाची सूनच का बसावी? पहाटे मोळ्या बांधणारी, पाचटाच्या कोपीत संसार करणारी बाई का नको? फडात दिवस काढणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवावे लागणार नाही.

शेवटी एकच सांगतो. पोटासाठी श्रमाची उचल घ्यावी लागते. तो नाइलाज आहे. पण मताची उचल घेऊ नका. श्रमाची उचल एका हंगामात फिटेल. मताची फेडता फेडता पाच वर्षे जातील, आणि ती फेडावी लागेल तुमच्या पोरांना.